कोरियनमध्ये जावेला शब्द आहे

इंदूरच्या सियागंज बाजारात हळकुंडं निवडत उभी होते तेव्हा वसंतभावजींचा फोन आला. वसंतभावजी म्हणजे माझे धाकटे दीर, शुभाचे यजमान. बाजारात हातगाडीवाल्यांचा आरडाओरडा चालला होता, म्हणून एका कानात बोट घालून ऐकत होते. "वहिनी, शुभा बोलत नाहीये," एवढंच ते म्हणाले... आणि मग, "डोळे उघडे आहेत, पण बोलत नाहीये." हळद तिथेच टाकून मी रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. माझी मुलगी रेवा दिल्लीला असते, तिला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. पलीकडून तिने "काकू" म्हणून जो हंबरडा फोडला, तसा आवाज मी माझ्या पोटच्या पोरीचा कधी ऐकला नव्हता. फोन कानाला धरून मी बाकावर बसून राहिले आणि मनात आलं, माझ्या वेळी ही अशी रडेल का? धाकटी जाऊ आत पांढऱ्या चादरीखाली, आणि बाहेर बसून मी तिचा हेवा करत होते. येऊ नये, पण आलं हे मनात. शुभाबद्दल मला सगळा जन्म जे वाटत आलं ते वगळून लिहायला बसले, तर हा लेख दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखा होईल.

शुभा मानपूरची. वडील तिथल्या शाळेत मास्तर, घर हायवेला लागून, त्यामुळे तिच्या मराठीत ट्रकवाल्यांपासून किराणेवाल्यांपर्यंत सगळ्यांची हिंदी मिसळलेली. मी इंदूरचीच, रामबागेतली, मराठी शाळेत शिकलेली आणि पुढे मराठीच शिकवलेली. तिने "वहिनी, ते मी बाद में करते" म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडायची. सासूबाईंना मात्र त्याचंच कौतुक. कॉलेजात गणित शिकवणारी सून त्यांनी हौसेने आणली होती. शुभाची पोळी कधी गोल झाली नाही, तिच्या ताटातला नकाशा बघून सासूबाई हसायच्या, "प्रोफेसर आहे हो आमची." माझ्या पोळ्या गोल होत्या. त्याबद्दल कुणी कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आम्ही खाली राहायचो, ती वरच्या मजल्यावर. वर तिच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि त्यावर लाटेक नावाचं टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर. गणिताची माणसं ते वापरतात. त्यात पान डोळ्यांसमोर सजवायचं नसतं. साध्या मजकुरात मधेमधे आज्ञा लिहायच्या, मग एक बटण दाबायचं, की छापखान्यातून आल्यासारखं नेटकं पान तयार. प्रश्नपत्रिका, सहकाऱ्यांची पुस्तकं, कुणाचा प्रबंध... सगळं ती हौसेने करून द्यायची. मला त्या आज्ञांमधलं ओ की ठो कळत नसे, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. ते तिचं राज्य होतं.

रेवाला शाळेत असतानाच कोरियन मालिकांचं वेड लागलं. आज आहे, उद्या उतरेल, असं मी धरून चालले. ते उतरलं तर नाहीच, उलट ती कोरियन शिकायला दिल्लीला गेली आणि एम.ए.पर्यंत पोचली. शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहायचा होता, तोही कोरियनमध्ये. विषय: कुटुंबात माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, मराठीत आणि कोरियनमध्ये. मजकूर कोरियन, उदाहरणं देवनागरीत, वर नात्यांच्या वंशावळी. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ वाढवली की सगळ्या वंशावळी घसरून पुढच्या पानावर जात, म्हणून रडकुंडीला येऊन ती दिवाळीत घरी आली. नात्यांचा विषय, मराठीची उदाहरणं, घरात जन्मभर मराठी शिकवलेली आई... आणि पोरगी खांद्यावरची बॅगही न उतरवता जिना चढून वर गेली. "काकू, तुझ्या त्या लाटेकमध्ये कोरियन येतं का गं?" हे मी खालून ऐकलं. "येत नसेल तर आणू ना," शुभा म्हणाली.

पहिल्या दिवशी कोरियन अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले, ओळीच्या ओळी. "अरे भिया, ही तर बाथरूमची फरशी झाली," असं शुभा अस्सल इंदुरी ठेक्यात म्हणाली आणि दोघी किती वेळ हसत होत्या. कोरियन अक्षरांचा फॉन्टच मशीनवर नव्हता. तो आणला, चौकोनांत अक्षरं भरली, तर देवनागरी बिघडली. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसायला लागली. जुन्या पद्धतीने एक लिपी सुधारली की दुसरी रुसायची. शेवटी शुभाने पान तयार करणारं मूळ इंजिनच बदललं, दोन्ही लिपी समजणारं नवं घेतलं, आणि कोरियनसाठी तिकडच्याच लोकांनी बनवलेली एक पुरवणी त्याला जोडली. तिची माहिती कोरियनमध्ये होती. रेवा वाचून सांगायची, ही टाइप करायची. आणि हे सगळं करताना शुभाने ती लिपीही शिकून घेतली. "चौकोनात बरोबर अक्षर बसलंय की नाही हे मला कळायला नको?" तिला वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. पण रेवाबरोबर ती मोठ्याने वाचायची, आणि खाली फराळाचं तळताना माझ्या कानावर त्या दोघींचं न कळणारं बोलणं पडत राहायचं. चकलीचा घाणा करपला तरी वरून कुणी खाली आलं नाही.

एकदा मात्र शुभा पळतच खाली आली. कोरियनमध्ये म्हणे नामाला लागणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटी स्वर आहे की व्यंजन त्याप्रमाणे बदलतो. प्रबंधात 'आकृती अमुक' असा उल्लेख असला आणि पुढे आकृतीचा आकडा बदलला, तर त्याच्या उच्चाराप्रमाणे प्रत्ययही बदलायला हवा. ते काम ती पुरवणी आपोआप करत होती. "वहिनी, याला व्याकरण येतं!" शुभाचा चेहरा लहान पोरीसारखा फुलला होता.

"मलाही येतं," मी म्हटलं आणि कढई उतरवली.

 तिने हातातला कागद माझ्यापुढे धरला. वंशावळीचं पहिलं नीट आलेलं पान होतं. "हे बघा. इंग्लिशमध्ये तुमच्या-माझ्या नात्याला शब्दच नाही, सिस्टर-इन-लॉ में सब आ गया. यांच्यात आहे. मी तुमची तोंगसॉ. तुम्ही मला तोंगसॉ म्हणायचं आणि मी तुम्हाला ह्यॉंगनिम." जावेला परक्या भाषेत खास शब्द असावा, याचं मलाही नवल वाटलं. मी तो कागद हातात घेतला. त्या संध्याकाळी तिला एकदा तोंगसॉ म्हणून हाकही मारली.

पण त्याच पानावर आणखी एक शब्द होता. वडिलांच्या धाकट्या भावाची बायको: चागुन-ऑमॉनी. त्याचा शब्दशः अर्थ 'लहान आई', हे रेवानेच मला हौसेने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्यात उभी राहून ती शुभाला त्याच नावाने हाका मारू लागली. मालिकेतल्या मुलींसारखा हेल काढून. प्रत्येक हाकेतला 'आई' मला नेमका ऐकू यायचा.

भाऊबीजेच्या सकाळी रेवा आंघोळीला गेली होती. मी चहा घेऊन वर गेले. शुभा कॉम्प्युटरपुढे होती. कप ठेवता ठेवता माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं बरं आहे गं शुभा. आयती मुलगी मिळाली."

तिचे हात थांबले. माझ्याकडे न बघताच ती बोलायला लागली. "निनाद तुला मोठी आई म्हणतो, वहिनी. बोलायला लागला तेव्हापासून." निनाद तिचा मुलगा, आता बंगळुरूला असतो. "मी कॉलेजातून यायचे तेव्हा तो तुझ्याकडे जेवून झोपलेला असायचा. मी त्याला उचलून वर आणायचे तर झोपेत तुझं नाव घ्यायचा. त्याला नोकरी लागली तेव्हा पहिला फोन खाली आला. मी जिन्यात उभी राहून ऐकला. आजही तो येणार असला की त्याच्यासाठी काय करायचं हे मी तुला विचारते... माझ्याच मुलाचं. मी कधी काही बोलले?"

लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला 'तुम्ही' म्हणत आली होती. त्या दिवशी 'तू' म्हणाली. ते दोघींच्याही लक्षात आलं, आणि तिने ते सुधारलं नाही.  "म्हणजे तुलाही..." एवढंच मी म्हटलं.

"तो क्या," शुभा म्हणाली. "रोज."

मग तिने चहाचा घोट घेतला आणि पानांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "हे मराठी तपासा. मला नाही दिसत चुका." पुन्हा 'तपासा'. मी तिच्या पलंगावर बसून वाचू लागले आणि दुसऱ्याच पानावर अडले. 'सासऱ्यांना' आणि 'नवऱ्याला' या शब्दांतला आपला आडव्या र चा जोड कुठेच नव्हता, त्याच्या जागी डोक्यावर रफार देऊन ठेवला होता. 'सासर्यांना', 'नवर्याला'. हिंदी वाचून तयार झालेल्या शुभाच्या डोळ्यांना त्यात काही खटकलं नव्हतं. "मराठीत सासऱ्यांना असं डोक्यावर बसवत नाहीत," मी म्हटलं, आणि ती इतकी हसली की आंघोळ उरकून आलेली रेवा दारात थबकली. तो ऱ्य बरोबर येईपर्यंत शुभा जेवायला उठली नाही. शेजारी मी बसून होते. येणारं प्रत्येक पान दोघी मिळून बघत होतो, आणि त्या दिवशी रेवा आम्हाला खालून हाका मारत होती.

यामुळे माझा हेवा मिटला असं कुणी समजू नये. तिचाही मिटला नसावा. आम्ही दोघी फक्त तो एकमेकींपासून लपवेनाशा झालो. प्रबंध सादर झाला, सरांनी मांडणीचं खूप कौतुक केलं, हे कुणी केलं म्हणून विचारलं, तर रेवाने वर्गासमोर चागुन-ऑमॉनीचं नाव घेतलं. ऋणनिर्देशात माझंही नाव आहे, मराठी तपासल्याबद्दल, काकूच्या नावाखाली. ते पान मी शुभाला दाखवलं आणि म्हटलं, "बघ, इथेही तू वर, मी खाली." ती म्हणाली, "जिना तोच आहे ना, वहिनी." त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ती गेली.

तेरावा झाला. निनाद जाताना माझ्या गळ्यात पडून रडला. वसंतभावजी समोर उभे होते, आणि शुभाने हे बघितलं असतं तर तिला काय वाटलं असतं, ते मला ठाऊक होतं. मी त्याला जास्त वेळ धरून ठेवलं नाही.

परवा रेवा आली होती. परीक्षकांनी काही दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्या करून नव्या प्रती काढायच्या होत्या. शुभाच्या मशीनवर सगळं जुळवलेलं असल्यामुळे ती वरच बसली. शुभाची एक सवय सांगायची राहिली. पान मनासारखं आलं की ती पडद्यावर बघून समाधान मानायची नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायची, खिडकीशी जाऊन उजेडासमोर धरायची, पुढची ओळ मागच्या ओळीवर बरोबर बसली आहे का ते बघायची, आणि मग घरात जो असेल त्याला हाक मारून दाखवायची. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा रेवा खिडकीशी उभी होती. हातात पान, एक डोळा मिटलेला, मान शुभा झुकवायची तशीच किंचित डावीकडे. ही मान माझ्या घराण्यातली नाही, माझ्या माहेरचीही नाही.

"आई, ये, बघ," ती म्हणाली.

मी कप टेबलावर ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कागदाच्या आरपार उजेड येत होता, पुढची कोरियन ओळ मागच्या मराठी ओळीवर नेमकी बसली होती. "काकूने बसवलंय ते तसंच आहे," रेवा म्हणाली. "मी काहीच हलवलं नाही."

"हलवूही नकोस," मी म्हटलं.