आषाढातली लढाई

रेवदंड्याहून अलिबागला जाताना मी रिक्षातच इतिहासावरचं माझं पहिलं व्याख्यान घोकत होतो. "आषाढात गलबतं शत्रूवर तुटून पडली!" म्हणताना उगारलेला हात शेजारच्या कोळणीच्या टोपलीवर आदळला.

टोपली मांडीवर ओढत ती म्हणाली, "मास्तर, आषाढात होड्या वर खेचलेल्या असतात. नारळी पुनवेआधी दर्यात कोन जातं? तुमची लढाई काय रेतीवर झाली?"

ग्रंथांत महिना नव्हताच. तो मी गडगडाटासाठी पदरचा घातला होता. सभेत हसं होण्याआधी तिनेच मला वाचवलं, म्हणून मी तिला व्याख्यानाचं आमंत्रण दिलं.

"बाजार उरकून येते. पन मधी मधी इचारीन हां."

संध्याकाळी माझ्या तिसऱ्याच वाक्याला पहिल्या रांगेतून हात वर झाला. मी कागद बाजूला ठेवले.

"विचारा, मावशी."