जर्मनांचा पिवळा बोया

बाल्ताझारला, वडीलधारा म्हणून सगळे त्याला न्यो बाल्ताझार म्हणत, आमच्या सागर संशोधन केंद्रात फार मान होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला चढलाही होता. आमच्या बेटावरच्या सालामांसा गावचा हा साठीचा कोळी केंद्राच्या बोटीवर तांडेल. सात वर्षांपूर्वी जर्मन शास्त्रज्ञांनी समुद्राचं तापमान मोजायला नांगराला बांधलेला तरंगता पिवळा बोया आणला, तेव्हा जागा यानेच नक्की केली. इकडे दोन डोंगर एका रेषेत, तिकडे दीपगृह सुळक्याखाली. "तुमचा उपग्रह ठेवा पेटीत," असं तो त्यांना तोंडावर म्हणाला होता.

बोयाखाली सावली, आणि सावलीत मासळी. तिथे होडी बांधायला केंद्राची सक्त मनाई होती. ती राखायचं काम बाल्ताझारचं, आणि त्याचाच जावई इलीज्यू बोयाला दोर बांधून खुशाल झोप काढायचा. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय! मला हे ठाऊक होतं. पण मी परदेशी पत्रव्यवहार बघते, मला काय त्याचं, अशी मी समजूत घालून घेतली होती. आज त्याची लाज वाटते.

त्या फेब्रुवारीत सहाराची धूळ आली ती हटेचना. डोंगर दिसेनात, विमानं बंद. गावात होड्या वाळूवर चढल्या. इलीज्यू मात्र सोमवारी पहाटे, धूळ दाट व्हायच्या आत, भावाला घेऊन निघून गेला होता. धूळ बसेपर्यंत बोयाला बांधून राहायचं, असा त्याचा बेत.

मंगळवारी सकाळी जर्मनीहून ई-मेल आला. बाल्ताझार समोर बसून मक्याचा काचुपा खात होता. मी त्याला तो वाचून दाखवला: कालपासून बोया सरकतो आहे, नांगराची साखळी तुटली असावी, आत्ता तो वीस मैल नैऋत्येला आहे. घाई नाही, पुढच्या महिन्यात आमचं जहाज उचलेल.

त्याचा चमचा थांबला. "पुन्हा वाच."

मी वाचला.

"न्यो बाल्ता, बोयाला कुणी बांधलेलं नाही ना?"

"कोण बांधणार? तू आपली कागदं बघ."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं.

दुपारी त्याची मुलगी दुल्सेलिना आली. तिच्या केसांत, पापण्यांवर धूळ होती.

"बाबा, इलीज्यू कालचा गेलाय."

"येईल. बांधलेला असेल."

"कशाला बांधलेला असेल? बोया जाग्यावर आहे ना? बाबा, माझ्याकडे बघा!"

म्हातारा संचालकांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून आला.

त्यानंतर मात्र सगळे धावले. जर्मनीतले लोक दर अर्ध्या तासाला बोया कुठे आहे ते फोनवर कळवू लागले. तटरक्षकांची नौका संध्याकाळी सुटली. बुधवारी सकाळी दहाला वायरलेसवर कप्तानाचा आवाज आला.

"बोया सापडला. होडी नाही. दोर आहे, पण टोक सुरीने कापलंय. ताजं दिसतंय."

"म्हणजे जिवंत आहेत!" संचालक टाळी वाजवून म्हणाले. "आत्ता इथेच होते! पण मदत आली असताना दोर कशाला कापतील?"

"धुळीत डोंगर दिसत नाहीत. त्यांना वाटतंय, बोया अजून आपल्या जाग्यावरच आहे," बाल्ताझार म्हणाला. "मीच शिकवलंय. मोठ्या इंजिनाचा आवाज आला, की दोर कापायचा आणि गुपचूप सटकायचं. नाहीतर सासऱ्याची नोकरी जाईल."

दुल्सेलिनाने वायरलेस हिसकावून घेतला. "भोंगा वाजवा! जोरात वाजवा!"

"नको गं," म्हातारा म्हणाला. "भोंगा ऐकला की ते आणखी लांब जातील."