जागेवाल्याचं ताट

करंज्याची गोदू कोळीण म्हणजे संशयाला हातपाय फुटलेली बाई. जन्मभर मासळी विकली, पण दुसऱ्याकडून घ्यायची वेळ आली की कल्ले उघडून, डोळे दाबून, वर नाक लावून बघणार आणि तरीही म्हणणार, "घरी गेल्यावर कळंल काय ता." अशा बाईवर पनवेलमध्ये भाड्याचं घर शोधायची पाळी आली! एजंट प्रितेशची कीव करावी तेवढी थोडी.

घर हवं होतं लेकीसाठी. दिपिकाची आधीची दोन बाळं पोटातच गेली. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हॉस्पिटलजवळ राहा, उरणहून धावपळ नको. जावई जासईला कंटेनर यार्डात, त्याला कुठली रजा? मग गोदूनेच टोपली बाजूला ठेवली.

प्रितेशने तळ्यामागच्या जुन्या आळीतलं घर दाखवलं. बाहेरून कौलं, करकरणारा लाकडी जिना, आणि वर गेलं तर सगळं कोरं करकरीत. पांढऱ्या टाइल्स, नवा ओटा, नव्या खिडक्या. भाडं ऐकलं आणि गोदूच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढं गोजिरं घर, नि भाडं एवढंच? आधी कोन राहात व्हतं?"

"होती एक फॅमिली. जागेवाल्याशी पटलं नाही, गेली," प्रितेश मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "तसा त्रास नाही हो मावशी. रोज संध्याकाळी चक्कर असते त्याची, बस. फक्त मच्छी-मटण नको, त्याला चालत नाही."

आता प्रितेशच्या तोंडी जागेवाला म्हणजे घरमालक. पण करंज्याच्या गोदूला जागेवाला एकच ठाऊक. डोळ्यांना न दिसणारा, जागेचा राखणदार. त्याला राखणीचं ताट द्यायचं, नाहीतर तो घरातल्या माणसांवर उठतो. बरं, करार व्हायचा होता तो खारघरच्या टॉवरमधल्या एका तरुणाशी, तोही मोबाइलवर. म्हणजे मालक तो. मग संध्याकाळी चक्कर मारणारा हा दुसरा कोण असणार? गोदूच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हॉस्पिटल पलीकडच्याच गल्लीत होतं. घर घेतलं.

आणि खरंच, पहिल्याच संध्याकाळी जिना करकरला. पावलं दारापर्यंत आली, थांबली. कडी वाजली नाही. थोड्या वेळाने पावलं उतरून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दार उघडून बघायची गोदूची छाती झाली नाही. तिने दाराच्या चौकटीला लिंबू बांधलं आणि दिपिकाच्या मागे भुणभुण लावली. "केस मोकळं सोडू नको. पुढल्या खोलीत बसू नको. कोनी हाक मारली तर ओ देऊ नको." पोरीचं जेवण तुटलं, झोप उडाली. तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. "घरात कसलं टेन्शन आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दिपिकाने आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

गावी परतावं तर हॉस्पिटल लांब, राहावं तर हे असं. इकडे आड तिकडे विहीर! शेवटी गोदूने ठरवलं, राखण देऊन बघायची. आता शाकाहारी जागेवाला तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता; पण शहरातला आहे, असेल बाबा! तिने वाल सोलून बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, ताट दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी घातली.

पावलं आली. थांबली. मग ताटाचा आवाज झाला. आणि मग चक्क मचमच ऐकू आली.

गोदूने झाडू उचलला आणि दार उघडलं. पायरीवर एक वयस्क गृहस्थ मांडीवर ताट घेऊन बोटं चाटत होते.

"मेल्या, राखणीला हात लावलास?"

"अहो, मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलंय," ते गडबडून उठले. "मी कमळाकर. जागेवाला. करार मुलाने केला, घर माझं आहे."

गोदूचा झाडू हवेतच राहिला. "तुमी? मंग रोज भुतावानी दारात का उभं राहता? कडी वाजवायला हात झडलं?"

"मुलाकडे खारघरला करमत नाही हो. ही होती तेव्हा जिना चढलो की आतून भांड्यांचा आवाज यायचा. तेवढा ऐकतो आणि जातो. उगाच तुम्हाला कशाला त्रास, म्हणून वाजवत नाही. आधीचे लोक याच्यामुळेच गेले." त्यांनी ताटाकडे बघितलं. "सोललेल्या वालांचं बिरडं, ही गेल्यापासून आज खाल्लं."

आतून खी खी आवाज आला. दिपिका भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. "आये, तुजा जागेवाला गो!" आणि पुन्हा हसली. या घरात आल्यापासून पोर पहिल्यांदा हसत होती. तिला इतके दिवस कोणी भिववलं, हे गोदूला लख्ख कळलं. मेला माझा संशय, पोरीच्या जिवावर उठला होता! तिने झाडू टाकला आणि लेकीला जवळ घेतलं.

"हळू हस गो, बाय," ती म्हणाली. "आनी चल, तू पन जेव. मी वाढते."