लाल गाडीवरचं बोट

"मोटार घ्यायची धमक न्हाय, अन् खेळण्याला बैलाच्या शिंगाचा रंग फासतोय!"

हे वाक्य आबांचं. माझ्या थोरल्या काकांचं.

साठेक वर्षांपूर्वी येरमाळ्याच्या आमच्या अंगणात, धाकट्या भावाला चारचौघांत ऐकवलेलं.

तो धाकटा भाऊ, माझा बापूकाका, आज पहाटे गेला.

आणि दुपारी आबांच्या मुलानं, आमच्या नंदूदादानं, त्याच 'खेळण्यां'समोर उभं राहून फोटो टाकला. "आमच्या काकांचा अनमोल वारसा." खाली हात जोडलेले.

फोटोत गाड्यांपेक्षा दादाचा गॉगल जास्त चमकतोय.

वारसा म्हणे. दिवाळीत हाच माणूस मला सांगत होता, "म्हाताऱ्याचा प्लास्टिकचा कचरा एकदा भंगारात घालायचाय."

काकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा काका शर्यतीच्या जुन्या गाड्यांची छोटी मॉडेल्स बनवायचा. डब्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. तळहातावर मावेल एवढी गाडी, आणि तिच्या चाकांच्या तारासुद्धा मोजून घ्याव्यात अशा.

पहिला डबा त्याला मॅट्रिकच्या वर्षी मिळाला. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा वर्गमित्र सलीम घरच्यांबरोबर हैदराबादला राहायला गेला होता. तो सुट्टीत आला, तेव्हा विलायतेतल्या मामूनं पाठवलेला डबा काकाच्या हातात देऊन म्हणाला, "ये ले बापू, मेरे से नै होता ये."

आत लांब नाकाची, बिनटपाची शर्यतीची गाडी. तुकड्यातुकड्यांत.

काकानं आजोबांचं दाढीचं ब्लेड पळवलं. भाग कापले, उंबऱ्याच्या दगडावर घासले, जोडले.

रंग कुठला असणार? पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट होता. तो फार दाट, म्हणून काकानं त्यात रॉकेल ओतलं. जरा जास्तच ओतलं. गायीच्या शेपटीचे केस काडीला बांधून ब्रश केला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी रंगवून झाली.

तेव्हाच आबा ते वाक्य बोलले. शेजारपाजारचे हसले. काकानं गाडी कोनाड्यात वाळत ठेवली.

रॉकेल घातलेला रंग काही वाळेना.

दसऱ्याला सकाळी आजीनं नांगर, कुदळ, विळा सगळं पूजेला मांडलं. आणि त्या ओळीच्या शेवटी नेऊन ठेवली ती लाल गाडी. काका न्हाणीतून बाहेर येईपर्यंत आजीनं कुंकवाचं बोट थेट बॉनेटवर टेकवलं होतं.

"आई! रंग वला हाय!"

"मग तर लई बेस. कुंकू पडायचं न्हाय."

"अगं, पण तू पूजा कशाला केलीस?"

"घरात पहिली मोटार आली. पूजा करू न्हाय व्हय?"

आबा खदाखदा हसले. "घ्या! मोटारीचं लगीन लागलं."

आजी काही हसली नाही. तिनं गाडीला झेंडूचं एक फूलही वाहिलं.

हे मी पाहिलेलं नाही. माझा जन्म फार नंतरचा. पण काकानं इतक्यांदा सांगितलंय की झेंडूचा वास येतो.

पुढं काका एसटीत नोकरीला लागला. लग्न केलं नाही. पगारातून, कुणाकुणाला सांगून डबे मागवत राहिला. हात असा बसला की चामड्याची सीटसुद्धा खरी वाटावी. पाहुणे यायचे, गाड्यांच्या कपाटाकडं बघायचे आणि तोंड वाकडं करून विचारायचे, "लेकरं न्हायत ना, म्हणून व्हय हे?"

काका त्यांना चहा द्यायचा. मला आजही त्या चहाचा राग येतो.

लहानपणी मी त्याला म्हटलं होतं, "काका, एवढ्या चांगल्या गाड्या, आणि ह्या लाल गाडीवर डाग. पॉलिशपेपर मार की."

"डाग न्हाय गं. नीट बघ."

मी खिडकीपाशी नेऊन बघितली. कुंकवाचा गोल, आणि त्यात बोटाच्या रेघा. आजीच्या बोटाच्या.

"शर्यतीच्या गाडीला नंबर लागतो," काका म्हणाला. "डब्यात नंबराचं स्टिकर आलं होतं. म्या लावलंच न्हाय. आमच्या गाडीला आईनं नंबर दिलाय."

आजीचा एकही फोटो आमच्याकडं नाही. तिचं म्हणून उरलंय ते एवढंच.

आज संध्याकाळी नंदूदादाचा फोन आला. काकाविषयी एक शब्द नाही. "सगळ्या गाड्या आता प्लॉटिंगच्या ऑफिसात मांडतो. क्लायंटवर इम्प्रेशन पडतं. तेवढ्या लाल गाडीवर घाण डाग आहे. सोलापूरच्या स्प्रेवाल्याशी बोललोय. रंग पूर्ण खरवडून नवी कोरी करून देतो म्हणाला."

डाग कसला, ते मी सांगितलं.

तो हसला. अगदी आबांसारखा.

बापूकाका, तुझ्यासाठी मोठे शब्द वापरत नाही, तुला ते आवडायचे नाहीत. तुझ्या हाताची आठवण येईल. सुखानं जा.

आणि नंदूदादा, तू ही पोस्ट वाचशील. चारचौघांत मागितलं म्हणून चिडशील, आणि नाहीच म्हणशील, हेही मला माहीत आहे.

बाकी सगळ्या गाड्या तुला. कपाटही तुला.

ती लाल गाडी खरवडायला देऊ नको. तशीच मला दे.