चार बोटांचा कप्पा

मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी शेवगावला, ज्या शाळेत तिरंदाजी शिकवते तिथल्या मैदानावर एका मुलीवर ओरडत होते. तिने धनुष्य उन्हात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. फोन मार्थामावशींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा. "सुमे, हे गेले गं... पेटी चढवत हुते गाडीत." पुढचं त्यांना बोलवेना, ते शेजाऱ्याने सांगितलं. मिरजगावला हायवेलगतच्या गोदामापाशी ट्रक मागे येत होता, मिस्त्री पेटीला हात लावून उभे होते आणि ड्रायव्हरला ते दिसलेच नाहीत. ट्रक, मग पेटी, मग शमुवेल मिस्त्री, मग भिंत. मी पोचले तोवर त्यांना नेलं होतं आणि भिंतीच्या बुडाशी कुणीतरी फावड्याने माती टाकली होती. पेटीचा एक कोपरा चेपला होता. एक माणूस ती उघडून जमलेल्यांना दाखवत होता, "बगा, सहाच्या सहा धनुष्यं शाबूत. काम काय हाय मिस्त्रीचं." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मी त्याच्या अंगावर धावून गेले. दोघांनी धरलं म्हणून, नाहीतर त्याचं तोंड फोडलं असतं. आज सहा आठवडे झाले. तो माणूस खोटं बोलत नव्हता आणि मला राग त्याचा आलाच नव्हता, हे आता कळतं.

मिस्त्री धंद्याने सुतार. चौकटी, पलंग, देव्हारे, आणि त्यांच्या चर्चमध्ये कुणी वारलं तर शवपेटी. धनुष्याशी त्यांचा संबंध आला तो आमच्या सरांमुळे. सरांनी मिस्त्रींच्या कारखान्यामागच्या पडीक रानात पोरापोरींना तिरंदाजी शिकवायला सुरुवात केली होती. स्पर्धा लांब असल्या की धनुष्यं ट्रान्सपोर्टने दोन-तीन दिवस आधी पुढे जायची, बारदानात गुंडाळून, सुतळीने आवळून, आणि निम्मी मोडून पोचायची. आमची धनुष्यं बांबू आणि फायबरच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, एकसंध. एक पट्टी सुटली की संपलं. सर एकदा मोडकं धनुष्य घेऊन मिस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, याला काहीतरी करा. मिस्त्रींनी ते उलटसुलट पाहिलं आणि गाडीवाल्यांना अशा शिव्या हासडल्या, की आम्ही मुली रानात पळालो.

मग त्यांनी पेटी केली. आत जुन्या गोधडीचे तुकडे, कोपऱ्यांना ट्रकच्या ट्यूबचं रबर, बाण वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाइपात, टोकं धनुष्यांकडे कधीच नाहीत. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. धनुष्याची दोरी उतरवायची, गुंडाळायची आणि कापडी पिशवीत घालायची, हा पहिला नियम. "दोरी चढवून ठिवलं की ते रात्रंदिस वाकल्यालंच ऱ्हातं. मानसाला वाकवून ठिवलं तर मानूस बी मोडंल," असं ते म्हणायचे. झाकण लावलं की पेटीला कान लावून ती हलवायचे. आत खुट्ट वाजलं तर पुन्हा सगळं बाहेर. आणि मग पेटीला मारायचे. मारायचे म्हणजे अक्षरशः. कारखान्याच्या पत्र्यावरून खाली टाकायचे, वरून ट्रॅक्टरची ट्रॉली न्यायचे, कुदळीचा दांडा घेऊन चारी बाजूंनी बडवायचे, घाम येईपर्यंत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरांची सहा धनुष्यं आत होती आणि सर डोळे मिटून उभे होते. मिस्त्री धापा टाकत म्हणाले, "रस्ता मारनारच हाय, सर. मंग आधी आपन मारू." उघडलं तर एकालाही ओरखडा नाही.

हात उचलायची सवय त्यांना पेटीपुरतीच होती असं मात्र नाही. पेटी लांबून फेकणाऱ्या हमालाच्या त्यांनी थोबाडीत मारली होती आणि हमालाने पोती ओढायचा आकडा मारून त्यांचा खांदा फाडला होता. टाके पडले, तर दुसऱ्या दिवशी त्याच हमालाशेजारी बसून चहा पीत होते. मलाही एक ठेवून दिली होती, मी चौदा वर्षांची असताना, धनुष्य उन्हात ठेवलं म्हणून. गालावर बोटं उठली. मी दोन वर्षं त्यांना मनातल्या मनात म्हातारा सैतान म्हणत होते. ते मला 'तापल्याली सुमी' म्हणायचे. आमचं एकमेकांशी बरं जमायचं.

आता जे सांगायचं ते सांगते... मी सोळा वर्षांची होते, त्या वर्षी दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी परराज्यात निवड चाचणी होती. खंडेनवमीला सरांनी सगळी धनुष्यं दोऱ्या चढवून मांडली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. आमच्या घरी एक रीत होती. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार एकदा वापरल्याशिवाय उतरवायचं नाही. विळा पुजला की आधी धाट कापायचं, मगच तो खुंटीला. आई म्हणाली, "पुजल्यालं धनुष्य उतरवलं तर यश उतरतं बग." मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी सगळ्या दोऱ्या उतरवल्या, धनुष्यं पेटीत भरली, झाकण आवळलं आणि चहाला घरात गेले. दिवस मावळला नव्हता, पण ते परत यायच्या आत रानात जाऊन बाण मारण्याइतका वेळ नव्हता. मी त्यांचाच पेचकस घेतला, स्क्रू काढले, माझ्या धनुष्याला दोरी चढवली, वरच्या गोधडीवर आडवं ठेवलं आणि झाकण पुन्हा लावलं. पेटी तेव्हा ऐसपैस असायची, चढवलेलं धनुष्य मावलं. मला निवड हवी होती. बाकी कशाचा विचार मी केला नाही.

ताडपत्रीखाली, ऑक्टोबरच्या उन्हात ते धनुष्य तीन दिवस ताणलेलं पडलं होतं. मैदानावर सरांनी पेटी उघडली आणि वैतागले, "मिस्त्रींनी एकाची दोरी तशीच ठेवली की." मी मूग गिळून गप्प. रेखा माझी जोडीदारीण, माझ्यापेक्षा नेम चांगला असलेली. तिच्या धनुष्याला दोरी चढवायची बाकी होती, माझं तयारच होतं. "दे गं, दोन बाण मारते," म्हणाली आणि माझ्या हातातून ओढून घेतलं. तिने पूर्ण खेचलं. बंदुकीसारखा आवाज झाला. वरचं पातं, म्हणजे मुठीवरचा भाग, उभं चिरून उलटं आलं आणि तिच्या उजव्या डोळ्यात घुसलं. ती लगेच पडली नाही. हातात उरलेलं धनुष्य धरून उभी होती आणि चेहऱ्यावरून रक्त गळ्यात, गळ्यातून पांढऱ्या टी-शर्टवर उतरत होतं. मग ती जे ओरडली ते मी अजून ऐकते. सरांनी उपरणं दाबलं तर ते भिजून त्यांच्या कोपरावरून ठिबकायला लागलं. डोळा वाचला नाही.

आम्ही परतलो त्याच दिवशी रेखाचा थोरला भाऊ, बाळूदादा, चौघांना घेऊन कारखान्यात गेला. मी रस्त्यापलीकडे उभी होते. त्यांनी मिस्त्रींना त्यांच्याच फळ्यांनी मारलं. पाठीवर, मांड्यांवर, पडल्यावर तोंडावर. मग बाळूदादाने त्यांचा उजवा हात रंधा मारायच्या बाकावर धरला आणि मोगरीने ठेचला. "ह्याच हातानं भरली व्हय पेटी? ह्याच हातानं?" प्रत्येक 'ह्याच'ला एक घाव. मार्थामावशी मधे पडल्या, त्यांनाही ढकललं. मिस्त्रींची नजर रस्त्याकडे आली. मी पळाले नाही आणि पुढेही गेले नाही.

हाड जुळलं, पण तीन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. दोन महिन्यांनी मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं. बाकावर तीच पेटी होती. झाकणाचा खाच झिजलेला एक स्क्रू दाखवून म्हणाले, "ह्याचं डोस्कं चावल्यालं हाय. माज्या हातानं स्क्रूचं डोस्कं चावत न्हाई." मी रडायला लागले तर खेकसले, "रडू नगं. मी तुज्यासाठी मार खाल्ला आसं समजू नगं. कुनाला बी उघडता आली आन् आत भलतंच ठिवता आलं, ती पेटीच खोटी. चूक माजीच हाय." मी म्हणाले, मी सरांना सांगते. "सरांला काय करायचंय? सांगायचं तर रेखाला सांग. न्हाईतर फळी धर."

मी फळी धरली. त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची चार बोटं फळीवर ठेवून मापाची खूण केली आणि नव्या तऱ्हेची पेटी केली. आत प्रत्येक धनुष्याला वेगळा कप्पा, शिवाय एक जादा, सगळे चार बोटं रुंद, चार बोटं खोल. दोरी उतरवलेलं धनुष्य त्यात अलगद बसतं. चढवलेलं काही केल्या बसत नाही, झाकण लागतच नाही. अशा पेट्या मी त्यांच्याबरोबर बारा वर्षं केल्या, नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी शेवगावहून जाऊन. त्यांच्याने आवळलं जायचं नाही ते मी आवळायची. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही रेखाला सांगितलं नाही. ते 'माजी चूक' म्हणाले होते ना, मग झालं, असं स्वतःला पटवत राहिले. माझ्याइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही.

त्यांच्या प्रार्थनासभेला चर्च भरलं होतं. रेखा आता शिर्डीला फुलांचं दुकान चालवते. ती काळा चष्मा लावून बाळूदादाशेजारी बसली होती. बाळूदादा उठून म्हणाला, "मिस्त्री मानूस चांगला हुता. एकदाच चुकला. आमी त्याला माफ केलं." मार्थामावशींची मान खाली होती. त्यांनाही काही माहीत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी ती आग माझ्यावरचीच होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आईची रीत, पेचकस, तीन दिवस, रस्त्यापलीकडे उभं राहणं. रेखा उठली, बाकांमधून माझ्यापर्यंत आली, चष्मा काढला. "त्यांला म्हाईत हुतं?"

"व्हय."

तिने माझ्या तोंडावर मारलं. उघड्या हाताने, एकदा, मग दुसऱ्यांदा. ओठ दातावर फाटला. तिला कुणी अडवलं नाही. बाळूदादा होता तिथेच खाली बसला होता, फरशीवर, आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता. जाताना रेखा एवढंच म्हणाली, "पुढली पेटी भरशील तवा मला बोलव."

गेल्या आठवड्यात बोलावलं. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण शिर्डीहून आली, सकाळच्या एसटीने. शाळेच्या खेळाच्या खोलीत मिस्त्रींनी केलेली पेटी असते, कोपऱ्यात त्यांचा कुदळीचा दांडा. मार्थामावशींनी तो मला दिला, चर्चमधल्या त्या दिवसानंतरही दिला. मुली दाराशी गोळा झाल्या. रेखाने एकेका कप्प्यात हात घालून प्रत्येक धनुष्य चाचपलं, पिशवी उघडून दोऱ्या मोजल्या. सहा होत्या. मी झाकण आवळलं. तिने पेटीला कान लावला, हलवली. मग दांडा उचलला.

तिने पेटीला मारलं. आधी कोपऱ्यावर, मग कडेवर, मग झाकणावर, दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. मुली मागे सरकल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण एकेक घाव कुणासाठी होता ते मला कळत होतं. चष्मा पडला, तो तिने उचलला नाही. तिचा श्वास फुलला, तळहाताचं कातडं सोललं, दांड्याला रक्त लागलं, तरी ती थांबेना. किती वेळ मारलं कोण जाणे. शेवटी दांडा टाकून ती पेटीवरच बसली.

थोड्या वेळाने उठून म्हणाली, "उघड."

मी उघडलं. सहाही धनुष्यं आपापल्या कप्प्यात जशीच्या तशी होती. रेखाने रिकाम्या राहिलेल्या सातव्या कप्प्यावर आपली चार बोटं आडवी ठेवून पाहिली. बसली.

"धाड आता," ती म्हणाली.