बर्फावरचे गालिचे

घाटाच्या अलीकडच्या वळणावर आमचा ट्रक अडकला होता आणि वरच्या वळणावर अँब्युलन्स. तिच्यात डोंगरावरच्या गावातली एक अडलेली बाई होती. मधे गाड्याच गाड्या.

२००८चा जानेवारी. सौदी अरेबियात तबूकला मी रस्तेदेखभालीच्या कंत्राटावर साइट इंजिनिअर होतो. देखभाल म्हणजे मुख्यतः वाळू. वादळात ती रस्त्यावर येते, आम्ही लोडरने उचलतो. बर्फाचं कंत्राटात नावही नव्हतं. इतर ठिकाणी बर्फ पडला की माणसं घरात बसतात. इथे सगळं गाव कॉफी, खजूर, गालिचे गाडीत टाकून डोंगर गाठतं. त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शेकडो चाकांखाली बर्फ दाबला गेला, सावलीत गोठला आणि रस्त्याची काच झाली.

क्लायंटचे साहेब अबू सालेम. त्यांना फोन लावला.

“मीठ टाक,” ते म्हणाले.

“शुक्रवारी मीठ कुठून आणू? ट्रकमध्ये खड्डे बुजवायची बारीक खडी आहे, पण पुढे सरकता येत नाही. तुम्ही कुठे आहात?”



“तुझ्या मागेच. पोरांना बर्फ दाखवायला आलोय.”

माझी मुलगी सकाळपासून “पप्पा, स्नो देखना है” म्हणून मागे लागली होती. तिला रडवून मी ड्युटीवर आलो होतो. त्यामुळे राग आला, तो गिळला.

फोरमन शफीकला घेऊन मी चालत वर गेलो. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने टायरची हवा कमी केली होती. वाळूत रुतलं की इथे सगळे तेच करतात. वाळूत चालतं, काचेवर काय चालणार? गाडी आणखीच घसरत होती. त्या बाईचा नवरा दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभा होता. आतून तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

“साब, इन सबकी गाड़ी में बेलचा तो होगा,” शफीक म्हणाला. वाळूत रुतलेली गाडी काढायला इथे प्रत्येकाकडे फावडं असतंच.

तेवढ्यात अबू सालेम धापा टाकत पोचले. त्यांनी त्या नवऱ्याकडे पाहिलं आणि खालच्या गर्दीकडे वळून ओरडले, “बाई अडलीय! बेलचे काढा!”

माणसं धावली. कुणी बेलच्यातून, कुणी खजुराच्या खोक्यातून आमच्या ट्रकमधली खडी वर आणली. बाकीच्यांनी गाड्या ढकलून कडेला लावल्या. पण उतारावर खडीच घरंगळायला लागली. मग अबू सालेमनी आपल्या गाडीतून लाल गालिचा आणला. त्यांची बायको मागून काहीतरी बोलत होती, ते कौतुकाचं नसावं. खाली खडी, वर गालिचा. मग बाकीचे गालिचेही आले. अँब्युलन्स पुढे सरकली की मागचा गालिचा उचलून पुढे अंथरायचा. असं करत ती ते वळण उतरली.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून कळलं: मुलगी झाली, दोघी सुखरूप. मला रडू आलं. शफीकला सांगितलं, थंडीने डोळ्यांत पाणी येतंय.

सकाळी अबू सालेमांचा फोन आला. इंजिनिअरला ते मुहन्दिस म्हणायचे. “मुहन्दिस, घाटात रस्त्यावर खडी पडलीय. तक्रार आलीय. यल्ला, चटकन उचल.”

“कुणाची तक्रार?”

“माझी. आणि माझा गालिचा?”

“टायरचे पट्टे उठलेत. धुऊन निघाले नाहीत.”

“खलास. ते माझ्या बायकोला तू सांग.”

पुढच्या हिवाळ्याआधी आम्ही घाटाच्या पायथ्याशी खडीचा ढीग केला आणि शेजारी जुने गालिचे रचून ठेवले. बर्फ बघायला येऊ नका, हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही. येतीलच, पण बेलचे घेऊन येतील.