आधी शिव्या, मग दोर

आमच्या कसबा बावड्याच्या नदीकाठच्या रानात रुतलेला ट्रॅक्टर काढायची एक रीत आहे: आधी शिव्या, मग दोर. ओढायला आलेला माणूस बांधावर उभा राहून पहिल्यांदा रुतलेल्याचा सगळ्यांदेखत उद्धार करतो. रुतलेला खाली मान घालून हसतो. मग तारेचा दोर लावायचा, ओढून काढायचं आणि सगळ्यांनी चहाला घरी जायचं. शिव्या खाल्ल्या की उपकार फिटले. राग कुणी धरत नाही.

या कामात माझ्या वडिलांचा, आबांचा, हात धरणारा कुणी नव्हता. पावसाळा असो की उसाचा हंगाम, फोन आला की पुढ्यातलं ताट सरकवून निघायचे. "अरं, ट्रॅक्टर चालवतोयस का म्हस डुंबायला घातलीयास?" हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. पुढची मला लिहिता येणार नाहीत. आणि शेवटी छातीवर हात मारून, "माझा ट्रॅक्टर बसल्याला कुणी बघितलाय काय?" कुणीच बघितला नव्हता, खरंच. शेजारच्या रानातल्या दादाला, तो माझ्याच वयाचा, आबांनी तीनदा काढलं होतं. तिसऱ्या वेळी ऊसतोडीच्या अख्ख्या टोळीसमोर असा झापला की तो ओरडला, "आबा, माझाबी नंबर लागंल की कवातरी!"

गेल्या उन्हाळ्यात आबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावलं, ओझं उचलायचं नाही, चिडायचं नाही. चिडायचं नाही म्हणे! आबांना हे सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यातला प्रकार. पण माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. मी राजारामपुरीत गणिताचा क्लास घेते, सासर तिथंच. फळ्यावर गणित मांडताना फोन वाजला तरी खडू टाकून धावायची. तशी मला मुळातच स्वस्थता नाही. चहासुद्धा मी उभ्यानंच पिते.

जुलैत नदी चढायला लागली. अशा वेळी काठावरच्या पाण्याच्या मोटारी काढून वर आणाव्या लागतात, नाहीतर पुरात गेल्याच म्हणून समजा. आबा हे एकटेच करायला जाणार हे ओळखून मी दुपारीच स्कूटर काढून बावडा गाठला. ट्रॅक्टर मला शाळेत असल्यापासून येतो. आबांनी मोटार सोडवून दोर बांधला, मी ओढून वरच्या बांधाला आणून ठेवली. राहिले होते नुसते पाईप. ते आणायला परत खाली उतरलो.

"येताना पाणंदीनंच घे," आबा म्हणाले. पाणंद म्हणजे उसातनं जाणारी आमची गाडीवाट, लांबची पण घट्ट. माझा क्लास पाचला होता, घड्याळात सव्वातीन. पाईप भरले आणि मी ट्रॅक्टर मोकळ्या रानातनं आडवा घातला.

निम्म्यात मागचं चाक घसरलं. तिथं गप थांबायचं असतं. चिखलात रेस द्यायची नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. पण थांबेल ती मी कसली? दिली रेस. दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरली, चिखल मागनं चालणाऱ्या आबांच्या तोंडावर उडाला आणि ट्रॅक्टरचं पोट जमिनीला टेकलं.

"लायसन कुणी दिलं गं तुला? गणितात मार्कं पडली म्हणून दिलं व्हय?" आबांनी सुरुवात केली आणि माझ्या सात पिढ्या, म्हणजे स्वतःच्याच, काढल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. आवाज खणखणीत होता.

मग त्यांनी बाभळीची एक काठी पाण्याच्या कडेला रोवली, नदी किती चढते ते बघायला. आम्ही चाकांपुढचा चिखल उपसला, उसाचा पाला टाकला, पोती टाकली. परत चालू केला, तो आणखी चार बोटं खाली गेला. काठी आता पाण्यात उभी होती. आबा फावडं मारत होते आणि मी चिखलाकडं नाही, त्यांच्या छातीकडं बघत होते.

"आबा, दादाला फोन लावते."

"न्हाय."

"घरातच असेल तो."

"म्हटलं न्हवं न्हाय? त्यो बांधावर हुबारून दात काढणार, आनि म्या बघत बसू?"

"इतकी वर्षं लोकांना झापताय, एकदा खाल्लं तर काय बिघडलं? मानापायी ट्रॅक्टर नदीत घालवायचा व्हय?"

"जाऊ दे नदीत!"

मोडेन पण वाकणार नाही, अशी ही जात. मी फोन काढला तर बॅटरी मेलेली. तशीच पळत सुटले. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली, दुसरी मीच फेकून दिली.

दादा गोठ्यात धार काढत होता. ऐकल्या ऐकल्या चरवी बाजूला ठेवून तो उठलाच. "आबा रुतलं? आपलं आबा?" त्याचा चेहरा असा फुलला! बायकोला हाक मारून सांगितलं, टोपी घातली आणि ट्रॅक्टरकडं जाता जाता शिव्यांची जुळवाजुळव सुरू केली.

मी त्याचा हात धरला. "दादा, पाया पडते, त्यांना काही बोलू नकोस. हार्टचं झालंय. गप ओढ आणि जा."

तो थबकला. "एकबी शिवी न्हाय?"

"एकबी नाही."

"बरं न्हाय दिसत, आक्का."

"माझी शपथ आहे तुला."

आम्ही पोचलो तेव्हा काठीचं नुसतं टोक दिसत होतं. आबांनी तोंड धुतलं होतं, टोपी सरळ केली होती. ट्रॅक्टरला टेकून उभे होते आणि मिशीत, मी नीट बघितलं, हसू दाबत होते. तयारच होते की ते! "आलास? बोल आता. लई दिस वाट बघितलीस."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"दमला असाल, आबा," दादा खाली बघत म्हणाला. "बसा जरा बांधावर."

आबांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग ते जाऊन बांधावर बसले. दादानं आपला ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर लावला, दोर अडकवला, तुटून अंगावर येऊ नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकलं आणि हळूहळू ताण दिला. आमचा ट्रॅक्टर चिखलातनं सुटून वर आला. मागं चाकांच्या खड्ड्यात नदीचं पाणी शिरलं. दादा चहाला थांबला नाही.

मी साडेपाचला क्लासवर पोचले. जिंकल्यासारखं वाटत होतं. ट्रॅक्टरही वाचला, आबाही.

आठवड्यानं आबांनी आपला तारेचा दोर शेडातल्या खुंटीवरनं काढला आणि खांद्यावर टाकून दादाच्या गोठ्यात नेऊन दिला. कुणाचा फोन आला की, "त्याला सांगा. आमचं झालं आता." आवाज चढेना. घरात भाजी खारट झाली तरी गप्प जेवायचे. डॉक्टर तपासून म्हणाले, "छान, शांत झालेत." मला त्या डॉक्टरला धरून हलवावंसं वाटलं. दर रविवारी बावड्याला गेले की शेडातली ती रिकामी खुंटी दिसायची आणि मी घरभर येरझाऱ्या घालायची.

गेल्या रविवारी राहवलं नाही. आबा खाटेवर बसले होते. मी चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "आबा, त्या दिवशी दादा तुम्हाला म्हातारं समजून गप्प बसला नव्हता. शिव्या देणारच होता. मी शपथ घातली होती त्याला."

त्यांनी आपला कप खाली ठेवला. आता भडकतील, असं वाटलं. भडकावं, म्हणून मी देवाला हात जोडले मनात.

"असं व्हय," ते म्हणाले. "तरीच म्या म्हनत हुतो, त्याला कशी काय माझी दया आली. त्याला न्हवती आली तर. तुला आलती."

"आबा, शिव्या द्या की मला. चुकलं माझं."

त्यांनी खाटेवर सरकून जागा केली.

"दमली असशील," म्हणाले. "बस जरा."